मूत्रमार्गापुरते औषध

लघवीला जळजळ सुरू झाली, दर घटकेला उठावे लागले आणि थेंबाथेंबाने होणाऱ्या लघवीबरोबर ओटीपोटात कळ येऊ लागली, की आपल्या घरांतील जाणत्या बायका ‘उन्हाळी लागली’ एवढ्या दोन शब्दांत निदान करीत आणि धन्याजिऱ्याचे पाणी, भिजवलेला सब्जा किंवा गोखरूचा काढा देऊन दोन दिवस वाट पाहत. आयुर्वेदाने या दुखण्यास मूत्रकृच्छ्र म्हटले आहे, आणि ज्याने ते सोसले आहे त्याला ‘कृच्छ्र’ या पदाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. आतड्यात गुण्यागोविंदाने नांदणारे ई. कोलाय नावाचे जंतू वाट चुकून मूत्रमार्गात शिरतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरांचा असल्यामुळे मूत्राशयापर्यंतचा प्रवास त्यांना सोपा जातो, आणि म्हणून हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या वाट्याला कितीतरी अधिक येतो. बहुधा तो मूत्राशयातच राहतो. परंतु तेथून वर मूत्रपिंडात चढला तर हुडहुडी भरून ताप येतो, बरगडीखाली पाठ धरते, आणि गर्भारपणात तर आई व मूल दोघांच्याही जिवाला घोर लागतो.

या विकारावर १९६२ साली जगापुढे आलेले एक औषध, नॅलिडिक्सिक अॅसिड, आणि त्याच्या कुळात पुढे जन्मलेली नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे अपत्ये यांचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे. मूळ औषधाला मुभा होती ती मूत्रमार्गापुरती. पुढे ती मर्यादा मोडून हे कूळ सगळ्या शरीरावर अंमल करू लागले, त्यातून असंख्य जीव वाचले. परंतु त्याच अंमलाखाली ज्यांच्या टाचेची शीर तुटली, हातापायांची संवेदना हरपली, त्यांची तक्रार औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत उमटण्यास पंचवीस वर्षे लागली. हा विलंब मला या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

नॅलिडिक्सिक अॅसिडपूर्वी वैद्यांच्या हाती काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जर्मनीत हेक्झामीन हे द्रव्य वापरात आले. ते आम्ल लघवीत फुटते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटून जंतू मरतात. १९३५ मध्ये मँडेलिक अॅसिड आले; तेही लघवी आम्ल राखली तरच काम देई. त्याच सुमारास सल्फा औषधांचा उदय झाला आणि प्रथमच असे वाटू लागले, की या व्याधीवर हुकमी इलाज सापडला. परंतु आरंभीच्या सल्फा औषधांचे स्फटिक मूत्रपिंडात साचत, म्हणून रोग्याला तांब्यांमागून तांबे पाणी आणि जोडीला सोडा पाजावा लागे. १९५३ मध्ये नाइट्रोफ्युरँटॉइन हे अमेरिकेत तयार झालेले पिवळे औषध बाजारात आले. ते पोटाला ढवळून काढी, उलटी आणवी, आणि मूत्रपिंड दुबळे असलेल्या रोग्याच्या हातापायांना मुंग्या आणी. तथापि ते रक्तात फारसे न रेंगाळता थेट लघवीत उतरे. या पिवळ्या औषधाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याला या कथेच्या शेवटी परत यावयाचे आहे.

नॅलिडिक्सिक अॅसिडचा जन्म हिवतापाच्या औषधातून झाला. १९३४ मध्ये जर्मनीतील एल्बरफेल्ड येथे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग याने क्लोरोक्विन तयार केले. ते फार विषारी आहे अशा समजुतीने बाजूला ठेवले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञांनी फेरतपासणी केली तेव्हा ते हिवतापाचे सर्वोत्तम औषध ठरले. अमेरिकेत हडसन नदीच्या काठी रेन्सेलिअर या गावी स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीची संशोधनसंस्था होती. तेथे जॉर्ज लेशर या रसायनशास्त्रज्ञाच्या पाहण्यात आले, की क्लोरोक्विनसंबंधीच्या रासायनिक कामात मिळालेल्या एका उपपदार्थात हिवतापावर नव्हे, तर काही विशिष्ट जंतूंवर थोडासा मारा करण्याची शक्ती आहे. शक्ती अल्प होती. अशी उपउत्पादने फेकून देण्याचा प्रघात सर्वत्र असतो. लेशर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते फेकले नाही. त्या रेणूच्या सांगाड्यात थोडाथोडा बदल करीत त्यांनी अनेक संयुगे घडविली, त्यांतील एक निवडले, आणि १९६२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९६४ पर्यंत ते अमेरिकेतील औषधदुकानांत पोहोचले. काटेकोर बोलावयाचे तर बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिनसारखे ते प्रतिजैविक नव्हे, रसायनशाळेत घडविलेले जंतुनाशक होय. परंतु व्यवहाराने त्याला प्रतिजैविकांच्या पंक्तीत बसविले आहे, आणि येथे व्यवहाराचीच भाषा वापरणे सोयीचे आहे.

हे औषध तोंडावाटे घेता येई: एकेक ग्रॅम, दिवसातून चार वेळा, आठवडा-दोन आठवडे. पोटात गेल्यावर ते रक्तात शिरे खरे, पण तेथे बहुतांश भाग रक्तातील प्रथिनांना चिकटून निष्क्रिय होई, आणि जंतू मारण्याइतके तीव्र प्रमाण साठे ते केवळ लघवीत. फुप्फुसात किंवा हाडात दडलेल्या संसर्गाला त्याचा काहीच उपयोग नव्हता. ई. कोलाय आणि त्याच्या गोत्रातील जंतू मूत्राशयात असतील तर हे औषध त्यांना गाठी. तेच जंतू रक्तात शिरले तर ते असहाय होई. डॉक्टरांना हे त्याचे न्यून वाटे, आणि त्या काळाच्या दृष्टीने ते न्यून होतेच; परंतु शरीराच्या इतर पेशींशी या औषधाचा संबंध बेताचा राहण्यास हीच मर्यादा कारण होती, हे ध्यानात येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

तरीही त्याचे दुष्परिणाम पहिल्या काही वर्षांतच नोंदीत येऊ लागले होते. मळमळ आणि उलटी या तर नेहमीच्याच तक्रारी. काही रोग्यांची कातडी उन्हात गेल्यावर भाजल्यासारखी होई व तिच्यावर फोड येत. काहींना डोळ्यांपुढे झगमग दिसे. फेफऱ्याची प्रवृत्ती असलेल्यांना झटके येत. तान्ह्या मुलांत कवटीच्या आतील दाब वाढून टाळू फुगून वर येई, आणि औषध थांबविल्यावर ती पुन्हा बसे. अशी उदाहरणे १९६०च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली होती. आणखी एक उपद्रव तर रोग्याच्या शरीरात नव्हे, प्रयोगशाळेच्या मेजावर होई. त्या काळी लघवीतील साखर पाहण्याची रीत अशी, की परीक्षानलिकेत पाच मिलिलिटर निळे बेनेडिक्ट द्रावण घ्यावे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावे, आणि स्पिरिटच्या दिव्यावर नलिका तिरपी धरून उकळावी; निळा रंग हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि अखेर विटेसारखा तांबडा झाला, तर साखर आहे असे समजावे. नॅलिडिक्सिक अॅसिड शरीरातून बाहेर पडताना ज्या रूपात लघवीत उतरते, त्या रूपानेही हे द्रावण रंग पालटते. ज्याला मधुमेहाचा लवलेश नाही अशा रोग्याची नलिका अशी तांबूस झाली, की त्याला हे औषध चालू आहे काय, हे विचारल्याखेरीज निदान चुकण्याचा धोका असे.

दुसरा दोष जंतूंच्या बाजूचा होता. १९६६ मध्ये अमेरिकेतील एका चिकित्सक अभ्यासाने दाखविले, की उपचार चालू असतानाच काही रोग्यांतील जंतू या औषधाला दाद देईनासे होतात. त्यांच्या गुणसूत्रात एक छोटासा बदल घडला तरी पुरे होई. सांधेदुखीचा धागाही येथूनच सुरू होतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या कुळातील औषधे बीगल जातीच्या कुत्र्यांच्या वाढत्या पिलांना दिली, तेव्हा ती लंगडू लागली. त्यांचे सांधे उघडून पाहिले तर कूर्चेवर फोड आणि झीज आढळली. त्यावरून वाढत्या वयाच्या मुलांना ही औषधे शक्यतो देऊ नयेत, अशी ताकीद मिळाली. कूर्चा आणि स्नायूंच्या शिरा एकाच संयोजी ऊतीच्या घराण्यातल्या आहेत, ही गोष्ट शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मोठ्या माणसांच्या शिरांचे काय होईल, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी मोठ्याने विचारला नाही.

या औषधाने विज्ञानावर केलेला एक उपकार येथे सांगितलाच पाहिजे. ते जंतूंच्या डीएनएची नक्कल होऊ देत नाही, एवढे १९६४ च्या सुमारास कळले होते. पण कसे, ते गूढ होते. ई. कोलायचा डीएनए उलगडून सरळ धरला तर तो सुमारे दीड मिलिमीटर भरतो, आणि तो जंतू स्वतः मिलिमीटरच्या जेमतेम पाचशेव्या भागाएवढा असतो. पिळाची सुंभाची दोरी मधेच दोन्ही हातांनी उकलू लागले, की पुढच्या भागात पीळ वाढत जाऊन गाठी पडतात. डीएनएची नक्कल होताना नेमके हेच घडते. १९७६ मध्ये अमेरिकेत मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पीळ सांभाळणारा एक विकर शोधून काढला आणि त्याला गायरेज हे नाव मिळाले. दोन्ही धागे कापावयाचे, त्या फटीतून दुसरा पदर पार करावयाचा आणि पुन्हा सांधावयाचे, असे त्याचे काम. पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले, की नॅलिडिक्सिक अॅसिड घाला घालते ते या विकरावरच: धागे कापलेल्या अवस्थेत ते त्याला जखडून ठेवते, सांधू देत नाही. कोट्यवधी लोकांनी गिळलेल्या गोळीची क्रिया अशा रीतीने तिच्या जन्मानंतर पंधरा वर्षांनी समजली.

तोपर्यंत जपानमध्ये पुढील पाऊल पडत होते. क्योरिन या औषधकंपनीतील हिरोशी कोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या सांगाड्यावर दोन जागी नवे अलंकार चढविले. एका जागी फ्लोरीनचा अणू, आणि शेजारी पिपरॅझिन नावाचे वलय. १९८० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले हे संयुग म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन. एका अणूने एवढा फरक पडावा, हे रसायनशास्त्र न जाणणाऱ्याला चमत्कारासारखे वाटते. नव्या औषधाची धार मूळ औषधाच्या कित्येक पटींनी वाढली, आणि पूर्वी हाती न लागणारे जंतूही त्याच्या टप्प्यात आले. तरी नॉरफ्लॉक्सासिनचा जोर मुख्यतः लघवीत आणि आतड्यातच होता. शेवटची चौकट मोडली ती बायरच्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे ज्या कंपनीत अर्धशतकापूर्वी क्लोरोक्विन जन्मले होते तिनेच. क्लाउस ग्रोहे यांनी १९८१ मध्ये त्या रेणूच्या एका बाजूला तीन कार्बनांचे इवलेसे वलय जोडून सिप्रोफ्लॉक्सासिन तयार केले. ते रक्तात, फुप्फुसात, हाडात, पौरुष ग्रंथीत सर्वत्र पोहोचे, आणि ज्या संसर्गांसाठी आजवर रुग्णालयात निजवून रक्तवाहिनीतून औषध द्यावे लागे त्यांतील कित्येक आता घरी गोळी गिळून बरे होऊ लागले. अमेरिकेच्या औषधप्रशासनाने नॉरफ्लॉक्सासिनला १९८६ मध्ये आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीला १९८७ मध्ये परवाना दिला. या फ्लोरोक्विनोलोन कुळाचा दिग्विजय येथून सुरू झाला.

पहिला इशारा त्याआधीच मिळालेला होता. १९८३ मध्ये न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात नॉरफ्लॉक्सासिनमुळे उद्भवलेल्या सांध्याशिरांच्या विकाराची नोंद प्रसिद्ध झाली. रुग्ण मूत्रपिंडाचे रोपण झालेला, आणि उपचार मूत्रमार्गाच्या संसर्गाचा. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड शिरेने बांधलेले असतात, ती शरीरातील सर्वांत बळकट शीर होय. चालताना सगळा भार ती उचलते. औषध सुरू झाल्यावर कधी दोनच दिवसांत, तर कधी औषध संपून महिने लोटल्यावर ती दुखू लागते, सुजते. आणि एखाद्या सकाळी जिन्यावरून पाय खाली टाकताना पाठीमागून कोणी पोटरीवर लाथ मारल्यासारखे वाटते, फट्‌ असा आवाज येतो, आणि त्या पायावर चवड्यावर उभे राहता येत नाही. साठीच्या पुढील माणसे, स्टेरॉइड घेणारे आणि अवयवरोपण झालेले रुग्ण यांना हा धोका अधिक. फ्रान्समध्ये १९८५ ते जुलै १९९२ या काळात अशा शंभर रुग्णांची नोंद जमली, त्यांतील एकतीस जणांची शीर तुटली होती.

या दरम्यान हिंदुस्थानात वेगळाच इतिहास घडत होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच हक्क मान्य केला होता. हा कायदा १९७२ मध्ये अमलात आला, आणि त्याच्या आधारे आपल्या रसायनज्ञांनी नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन निराळ्या वाटेने तयार करून अल्प किमतीत बाजारात आणले. मुंबईच्या सिप्ला कंपनीची नॉरफ्लॉक्स ही गोळी घरोघरी जुलाबाची गोळी म्हणून ओळखली जाऊ लागली. टिनिडॅझोलशी तिची जोड घालून केलेली गोळी तर लोक दुकानदाराकडे नाव घेऊन मागत. आमच्याही घरच्या औषधांच्या डब्यात, क्रोसिनच्या आणि कापसाच्या शेजारी, चार गोळ्या घेऊन सहा उरलेली अशी पट्टी वर्षानुवर्षे पडलेली असे, आणि कुणाचे पोट बिघडले की ती बाहेर निघे.

तथापि या औषधाचे आपल्यावरील ऋण विसरता कामा नये. १९९० च्या सुमारास आपल्या देशात विषमज्वराचे असे जंतू पसरले, ज्यांच्यापुढे क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि सल्फाची जोडगोळी ही तिन्ही जुनी शस्त्रे बोथट ठरली. तीन-तीन आठवडे ताप न उतरणाऱ्या मुलांच्या आईबापांना सिप्रोफ्लॉक्सासिनने दिलेला दिलासा ज्यांनी पाहिला, ते डॉक्टर पिलांच्या कूर्चेची ताकीद ठाऊक असूनही मुलांना ते देत, आणि त्यांचा निर्णय योग्यच होता. पण लवकरच जंतूंनी पुन्हा कूस बदलली. प्रयोगशाळेत काचेच्या चपट्या ताटलीत जंतूंचा सारखा थर उगवतात आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात; औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती असे ऐसपैस वर्तुळ दिसे, अहवाल ‘औषध लागू’ असा जाई, आणि तरीही रोग्याचा ताप उतरत नसे. तेव्हा कळले, की शेजारी जुन्या नॅलिडिक्सिक अॅसिडची तीस मायक्रोग्रॅमची चकती ठेवावी: तिच्या कडेला भिडून जंतू वाढले असतील, तर त्यांच्या गायरेजमध्ये पहिला बदल घडून चुकला आहे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनवर विसंबू नये. ज्या औषधाला उपचारातून जवळजवळ निवृत्ती मिळाली होती, त्याला असे पहारेकऱ्याचे काम मिळाले.

स्वस्ताईची दुसरी बाजू २००७ मध्ये उघडकीस आली. हैदराबादजवळील पटणचेरू येथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे एक केंद्र होते. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा एका लिटरमध्ये एकतीस मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघाले. रोग्याच्या रक्तात ते जेवढे असते, त्याच्या कित्येक पट हे प्रमाण होते. दिवसाकाठी सुमारे चव्वेचाळीस किलो औषध, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक माणसांचा एका दिवसाचा डोस, ओढ्यात वाहत होते. मूत्रमार्गाच्या जंतूंसाठी निर्माण झालेल्या द्रव्याची शाळा अशी उघड्या पाण्यात भरली, आणि तिथल्या मातीतले जंतू तिच्यात शिकून तयार झाले. आज आपल्या रुग्णालयांत लघवीतून मिळणाऱ्या ई. कोलायपैकी बहुतेकांवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही.

इकडे पाश्चात्त्य देशांत नवनवी भावंडे बाजारात येत आणि परत घेतली जात होती. टेमाफ्लॉक्सासिनला १९९२ च्या जानेवारीअखेर परवाना मिळाला आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंड बंद पडल्याच्या तक्रारींमुळे जूनमध्ये ते मागे घ्यावे लागले. ट्रोव्हाफ्लॉक्सासिनने १९९९ पर्यंत चौदा जणांचे यकृत निकामी केल्याची नोंद झाली, त्यांतील सहा दगावले. गॅटिफ्लॉक्सासिनने साखरेची पातळी कधी एकदम चढे, कधी कोसळे. कॅनडातील वृद्धांच्या पाहणीने २००६ मध्ये ते सिद्ध केले, आणि हिंदुस्थान सरकारने मार्च २०११ मध्ये त्याच्या पोटात घेण्याच्या वापरास बंदी घातली. सिप्रोफ्लॉक्सासिनची कीर्ती मात्र वाढतच होती. २००१ च्या शरदात अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची पूड पाठविण्यात आली, बावीस जणांना बाधा झाली, पाच मृत्युमुखी पडले, आणि सुमारे दहा हजार लोकांना साठ दिवस प्रतिबंधक औषध घेण्याचा सल्ला मिळाला. त्या आठवड्यांत या गोळीचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते.

अशा कीर्तीच्या औषधाविरुद्ध दाद मागणे सोपे नसते. अमेरिकेतील पब्लिक सिटिझन या नागरिक संस्थेने शिरा तुटण्याविषयी इशारा छापावा अशी मागणी १९९६ मध्येच केली होती. त्यानंतर माहितीपत्रकाच्या बारीक टाइपात एक परिच्छेद आला. २००५ मध्ये इलिनॉय राज्याच्या सरकारी वकिलांनी अर्ज केला, २००६ मध्ये त्या संस्थेने पुन्हा अर्ज गुदरला, आणि उत्तर येईना तेव्हा जानेवारी २००८ मध्ये तिने औषधप्रशासनाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जुलै २००८ मध्ये काळ्या चौकटीतील ठळक इशाऱ्याचा हुकूम निघाला. न्यूझीलंडमधील नोंदीपासून या हुकमापर्यंत पंचवीस वर्षे. यात कोणी एक खलपुरुष नव्हता, हे मान्य केले पाहिजे. दुष्परिणाम विरळा; औषध देणारा एक डॉक्टर, आणि दोन महिन्यांनी टाचेवर शस्त्रक्रिया करणारा दुसरा; रोग्याच्याही मनात लघवीच्या गोळीचा आणि पायाच्या शिरेचा संबंध जुळत नाही. पण ज्या दप्तरांचे कामच हे विखुरलेले धागे एकत्र करण्याचे आहे, त्यांनी ते वेळेवर केले नाही, आणि ज्यांचे पाय गेले त्यांना या स्पष्टीकरणाने समाधान वाटण्याचे कारण नाही.

एकदा बांध फुटल्यावर मात्र इशारे भराभर आले: २०११ मध्ये स्नायुदौर्बल्याच्या रोग्यांसाठी, २०१३ मध्ये कायम राहू शकणाऱ्या मज्जातंतूंच्या इजेविषयी, २०१८ मध्ये साखर धोकादायक रीतीने उतरणे, मनाचा गोंधळ आणि महारोहिणी फाटणे यांविषयी. सर्वांत महत्त्वाचा हुकूम २०१६ चा. साध्या मूत्राशयदाहासारख्या विकारांत, दुसरा इलाज उपलब्ध असेल तर, ही औषधे वापरू नयेत, कारण तेथे धोका लाभापेक्षा जड आहे, असे त्यात सांगितले होते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी या कुळाचा जन्म झाला, त्याच दुखण्याच्या दारात त्याला मज्जाव झाला.

१३ जून २०१८ रोजी युरोपीय औषधसंस्थेने लंडनमध्ये जाहीर सुनावणी घेतली. अशी सुनावणी घेण्याची त्या संस्थेच्या इतिहासातील ही केवळ दुसरी वेळ. या गोळ्यांनंतर चालणे, धावणे, काम करणे ज्यांना अशक्य झाले, अशा रुग्णांनी तज्ज्ञांसमोर उभे राहून आपली हकीकत सांगितली; आजवर जी माणसे तक्त्यांतील आकडे होती, त्यांना तेथे आवाज मिळाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिफारस झाली आणि मार्च २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने ती कायम केली: फ्लोरोक्विनोलोनांवर कडक निर्बंध, आणि जुन्या पिढीच्या चार औषधांचे परवाने स्थगित. त्या चारांत रेन्सेलिअरचे मूळपुरुष नॅलिडिक्सिक अॅसिडही होते. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन ठरविले, की इतर नेहमीची प्रतिजैविके अयोग्य असतील तेव्हाच या कुळातले औषध द्यावे. विषमज्वराचा बिकट रोगी, हाडातला हट्टी संसर्ग, मूत्रपिंडात चढलेला ताप यांसाठी डॉक्टर आजही त्याच्याकडे वळतात, आणि वळलेच पाहिजे.

मग ओटीपोट धरून दवाखान्यात आलेल्या बाईला काय द्यावयाचे? अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पहिल्या पसंतीच्या औषधांत १९५३ चे ते पिवळे नाइट्रोफ्युरँटॉइन आहे, आणि आपल्याकडील डॉक्टरही ते पुन्हा लिहून देऊ लागले आहेत. ई. कोलायने सत्तर वर्षांत त्याला फारसा चकवा दिलेला नाही. ते जंतूच्या एकाच विकरावर नव्हे, अनेक ठिकाणी एकदम घाव घालते, म्हणून एखादा बदल त्याला पुरत नाही. त्याचेही उपद्रव आहेत: महिनोन् महिने घेतल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि मूत्रपिंड फार दुबळे असेल तर ते देता येत नाही. साध्या संसर्गाला मात्र शंभर मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस एवढे पुरते. मळमळ होऊ नये म्हणून ती भरल्या पोटी घ्यावी, आणि लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर घाबरू नये, असे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगून ठेवतात.